शिकवणारीची सही

घरापासून लांब, दक्षिणेतल्या एका शहरात, कॅथलिक सिस्टर चालवतात त्या मुलींच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात मी नऊ वर्षं स्वयंपाक करते. माझी शाळा सातवीला सुटली. नवऱ्यासोबत बांधकामावर गेले. याच विद्यापीठाची एक इमारत उभी राहत असताना एका सिस्टरनं विचारलं, भाकरी येते का? येत होती. तेवढ्यावर माझं बस्तान बसलं.

गेल्या मार्चात तिथल्या बारा मुली आणि त्याच सिस्टर हळदीचा अभ्यास करायला वसमतजवळच्या आमच्या गावी निघाल्या. भाषेसाठी मलाही घेतलं. पिशवीच्या तळाशी मी विद्यापीठाचा एक प्रवेशअर्ज नेला, दादाच्या लेकीसाठी. भाची बारावीची परीक्षा देऊन घरी बसली होती आणि दादानं स्थळं बघायला सुरुवात केली होती. एसटीत बसल्यापासून एकच विचार. दादा नाही म्हणाला तर पोरीचं काय? आणि हो म्हणाला, नि तिथं तिला काही झालं तर? मला दोन्हीकडून भीतीच.

पहिल्याच संध्याकाळी मी विषय काढला.

"तिकडं धाडली की गळ्यात क्रॉस घालून येईल पोरगी," दादा म्हणाला.

मी गळ्यातली काळी पोत ओढून दाखवली. "नऊ वर्षांत माझ्या गळ्यात काय आलं, बघ की. खोलीत औंढ्याच्या नागनाथाचा फोटो हाय. सिस्टर आल्या की चपला दारात काढत्यात."

"आन् शिकून करायचं काय? तू सातवी. तुझं काय अडलं?"

मी ताटं घ्यायला उठले. वैनी चुलीपाशी भाकरी थापत होती.

खरं तर सांगायचं खूप होतं. तिथं पंखा बंद पडला की मुलीच शिडी लावून चढतात, कारण 'एखाद्या पोराला बोलव' म्हणायला तिथं पोरगंच नाही. घरातली पहिलीच शिकणारी मुलगी आली की वरच्या वर्गातली एक मुलगी वर्षभर तिच्यासोबत अभ्यासाला बसते. माझ्या जोडीला झाडू मारायची त्या बाईची लेक आज तिथंच रसायनशास्त्र शिकवते. आणि भांडी आवरून त्याच पोरींपाशी बसून मी दहावी झाले. हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी नापास होईन म्हणून बोलले नाही, आणि मग पास झाल्यावर कसं सांगावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेतात हळद शिजायला लावली. वैनीनं वाफेतून एक कांडी काढली, तिच्यात काडी टोचली. "अजून न्हाई." लगेच बारा जणींनी बारा कांड्या घेतल्या.

"हळद शिजवून राहिल्या का तिला इंजेक्शन देऊन राहिल्या?" दादानं विचारलं. मी त्यांच्या भाषेत सांगितल्यावर मुलीच सगळ्यात जास्त हसल्या.

वैनी मात्र नेटानं दाखवत होती. वास कसा बदलतो, फेस कधी येतो. मी मधे इकडचं तिकडं सांगत होते. शेवटी एका मुलीची काडी आरपार गेली. तिनं वैनीकडे पाहिलं.

"व्हय. काढा आता."

दुपारी बाभळीखाली वह्या निघाल्या. या विद्यापीठाची एक रीत आहे. बाहेर जाऊन जे शिकाल, त्या पानाखाली शिकवणाऱ्याची सही लागते, नाहीतर ते पान धरत नाहीत. भाकरीच्या पानाखाली एका मुलीच्या वहीत माझीसुद्धा आहे. सिस्टरनी वह्या वैनीपुढं ठेवल्या.

"मी? ह्यांची घ्या की," वैनी मागं सरकली.

दादाची मान अभिमानानं ताठ झाली होती. "कर की, तूच शिकवलंस. सगळ्यावर कर. एकीला बी मागं ठिवू नको."

वैनीनं हात पदराला पुसला आणि सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. चौथ्या वहीपासून हात सैल झाला. बारावी वही मिटली तरी पेन तिनं हातातच ठेवलं.

"बाई, तुझ्या पिशवीतला त्यो कागद आण."

तो अर्ज मी कुणालाच दाखवला नव्हता. भाचीकडं पाहिलं, तर ती खाली बघत पायानं माती उकरत होती.

"आईची सही चालती का ह्याच्यावर?"

मी सिस्टरना विचारलं. चालते म्हणाल्या. वैनीनं केली. अर्जाच्या कोपऱ्यावर तिचं पिवळं बोट उमटलं.

दादा उठून आला. "मला इचारलं बी न्हाई?"

"तुमीच म्हणले ना, एकीला बी मागं ठिवू नको."

दादा हसला, जरा कसनुसा. अर्ज उलटसुलट करून त्यानं भाचीच्या हातात दिला आणि माझ्याकडं वळला. "तिथं भाकर भेटती का?"

"आठवड्यातून दोनदा करते."

"हिला रोज दे."

तेव्हा कुठं मी त्याला दहावीचं सांगितलं.

"मग काहून दडवलंस इतके दिस?" तो म्हणाला. उत्तराची वाट न बघता त्यानं हळदीच्या ढिगाकडं गेलेल्या वैनीला हाक मारली, "ऐकलं का, आपली बाई दहावी झाली!"

भाची आता माझ्याच वसतिगृहात आहे. तिला यायला जरा उशीर झाला की मी अजून फाटकापर्यंत चकरा मारते. आणि भाकरी रोज करते.