मे महिन्यात हीटर लावून मुलगी बघायला

मे महिन्यातल्या एका दुपारी आई आणि मी खराडीला मुलगी बघायला निघालो. गाडी वडिलांची, चौदा वर्षं जुनी. ते गेल्यापासून ती मी सांभाळत होतो, म्हणजे पेट्रोल भरत होतो, कधीतरी रेडिएटरमध्ये पाणी.

मांजरीतून निघालो तेव्हा सगळं ठीक होतं. मुंढव्याच्या चौकात अडकलो आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. एसीतून गरम हवा यायला लागली. आईने मामाला फोन लावून स्पीकरवर टाकला. मामाची गाडी घाटात दोनदा तापली होती.

"एसी बंद कर, हीटर फुल लाव. इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. तरी काटा उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद कर. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस, उकळतं पाणी तोंडावर येईल."

हीटर लावला. काटा उतरला. पैठणी नेसून मागे बसलेली आई थोड्या वेळाने म्हणाली, "अजून किती शिजवणार आहेस?"

पोचलो तेव्हा माझा शर्ट पिळण्याजोगा झाला होता. मुलीच्या वडिलांनी काही न विचारता टॉवेल दिला. आईने गाडी तापल्याचं सांगितलं, तेव्हा मुलीने विचारलं, "गर्दीतच तापते, की रस्ता मोकळा असतानाही?"

"गर्दीतच."

"मग रेडिएटरचा पंखा बघायला हवा. गाडी पळताना वारा लागतो. थांबल्यावर पंखाच लागतो."

ती गाड्यांच्या चाचण्या घ्यायची. बायोडेटात लिहिलं होतं. मी उंचीपर्यंतच वाचला होता.

पोहे झाल्यावर आम्ही दोघं पार्किंगमध्ये गेलो. घरच्यांना वाटलं, बोलायला गेलो. तिने इंजिन चालू करून एसी लावायला सांगितलं. पंखा ढिम्म. फ्यूज काढून पाहिला, तर जळलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातून तसाच नवा आणला आणि पंखा फिरला. मग ती कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, माझाच विचार करते आहे.

दोन दिवसांनी तिचा नकाराचा मेसेज आला. खाली लिहिलं होतं, "टाकीतलं पाणी तांबूस दिसलं. बदलून घ्या."

वाईट वाटलं, हे खरं. तरी शनिवारी गॅरेजमध्ये गेलो. रेडिएटरमधून चहाच्या रंगाचं पाणी निघालं.

"नळाचं घालत होतात?" मेकॅनिकने विचारलं.

"हो. वडीलही तेच घालायचे."

"त्यानंच गंज चढतो. आता कूलंटच घाला. आणि आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, पातळी बघत जा."

तेव्हापासून बघतो. गाडी आता तापत नाही, असं तिला एकदा कळवलं. तिने अंगठ्याची खूण पाठवली.