महादेवीचे एकतीस टक्के

महादेवीला एकतीस टक्के पडले होते आणि तिला नापास ठरवणाऱ्या कागदावर प्रिन्सिपल मॅडमना माझी सही हवी होती.

"सही करा आणि मोकळ्या व्हा," त्या म्हणाल्या. "नापास मशिननं केलंय, तुम्ही नाही. तुम्हाला कोण बोलणार आहे?"

मी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. म्हणजे मुलींना वर्गात कमी आणि वॉर्डात, पेशंटच्या उशाशी उभं करून जास्त शिकवायचं. सव्वीस वर्षं हेच करतेय. घसा त्यातच गेला.

त्या उन्हाळ्यात आमच्या मेडिकल वॉर्डात बारा खाटांवर एआय आलं. प्रत्येक गादीखाली एक पातळ पट्टी. झोपलेल्या माणसाची नाडी आणि श्वास त्या पट्टीला कळतात, आकडे नर्सिंग स्टेशनच्या स्क्रीनवर येतात आणि सॉफ्टवेअर ठरवतं, पेशंट हिरवा, पिवळा की लाल. इथवर ठीक होतं. पण कंपनीनं वर एक सोय फुकट दिली होती. विद्यार्थिनीनं हातानं मोजलेला आकडा टॅबमध्ये भरायचा, सॉफ्टवेअर तो स्वतःच्या आकड्याशी ताडून बघणार आणि पोरीला अचूकतेचे टक्के देणार. पंच्याहत्तरच्या खाली आली की वॉर्ड कम्प्लिशनवर सही नाही. सही नाही तर परीक्षेचा फॉर्म नाही, पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

आता घरातली एक गोष्ट सांगते, बाहेर बोलू नका. नर्स ताप मोजते, नाडी मोजते, पण श्वास मनापासून मोजणारी विरळाच. पूर्ण एक मिनिट पेशंटच्या छातीकडं बघत उभं राहायला वेळ कुणाला असतो? मग सगळ्याजणी चार्टवर वीस लिहितात. दमेकरी वीस, टाके काढायला आलेला वीस. एकदा तर पेशंट जाऊन दोन तास झाल्यावरचे वीस मी स्वतः एका चार्टवर वाचलेत.

एआय आल्यावर पोरींनी वीस लिहिणं सोडलं. स्टेशनवरून जाता जाता स्क्रीनवरचा आकडा बघायचा आणि टॅबमध्ये भरायचा. मशिननं त्यांना अठ्ठ्याण्णव टक्के दिले. प्रिन्सिपल मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

एकटी महादेवी तेवढी मागं राहिली. दुधनीची पोर, घरी कन्नड, शाळेत मराठी, उंचीनं बेताची आणि बोलायला त्याहून बेताची. सात नंबरच्या खाटेवरचे वैरागचे तात्या तिला केस म्हणून दिले होते. आडतीच्या दुकानात पोती तोलण्यात तात्यांचं आयुष्य गेलेलं. आता निमोनिया झाला होता. आठ दिवस महादेवी त्यांचा श्वास अठ्ठावीस लिहीत होती. मशिन म्हणत होतं सोळा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असावा. अठ्ठावीस म्हणजे फुप्फुसं झगडतायत. सोळा म्हणजे माणूस घरी जायला मोकळा.

मी तिला बोलावून घेतलं.

"किती वेळ मोजतेस?"

"पुरा एक मिनिट, मॅडम."

"पेशंटला सांगून?"

"न्हाय मॅडम. मनगट धरूनच मोजते की."

ही युक्ती मीच शिकवलेली. तुमचा श्वास मोजतोय म्हटलं की माणूस ऐटीत श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि डोळा छातीवर ठेवायचा.

"मग मशिन सोळा का सांगतंय?"

"ते मशिनला इचारा की मॅडम."

हे ती उद्धटपणे बोलली नव्हती. पण मला झोंबलं. एवढ्या लाखांचं मशिन खोटं आणि तू खरी का, असं बरंच काही मी बोलले. ती खाली मान घालून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं, पण आकडा काही तिनं मागं घेतला नाही.

तिच्या त्या गप्प उभं राहण्यानं मी अस्वस्थ झाले. लबाड पोरी मी खूप पाहिल्यात. लबाड पोर पकडली गेली की आकडा लगेच बदलते, वर "सॉरी मॅडम" म्हणते. मी सही न करता कागद पर्समध्ये टाकला आणि वॉर्डच्या डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टर खुशीत होते. "तात्यांना उद्या घरी सोडतोय. स्क्रीनवर हिरवा दिवा आहे. फक्त राउंडच्या वेळी श्वास वाढतो."

"राउंडच्या वेळी म्हणजे?"

"रोज सकाळी दहाला सत्तावीस-अठ्ठावीस होतो, नाडीही वाढते. आम्ही गेलो की अर्ध्या तासात पुन्हा सोळा. सॉफ्टवेअरनंच शोधून काढलं. पेशंट डॉक्टरांना घाबरतो."

म्हणूनच गेले चार दिवस डॉक्टर चौकड्याचा शर्ट घालून राउंड घेत होते. पांढरा एप्रन केबिनमध्ये टांगलेला. काउन्सेलरबाई दोनदा तात्यांपाशी बसून गेल्या होत्या. तात्या त्यांना म्हणाले होते, "डाक्टर लई गुणाचा मानूस हाय. त्येला मी कशाला भिऊ?" बाईंनी केसपेपरवर लिहिलं होतं, पेशंट भीती कबूल करत नाही.

मला हसू येत होतं, पण डोक्यात ते दहा वाजणं घोळत राहिलं. महादेवीची ड्यूटी दुपारी दोन ते आठ. आठ दिवसांत दोनदाच तिची ड्यूटी बदलून सकाळची झाली होती. टॅबमध्ये बघितलं, तर तिचे जे काही एकतीस टक्के जुळले होते, ते त्या दोन सकाळी राउंडच्या वेळी घेतलेल्या आकड्यांचे. म्हणजे दहा वाजता पोरगी आणि मशिन एकमेकांशी पटवून घेत होती आणि दुपारी भांडत होती.

मी ठरवलं, दुपारी न सांगता वॉर्डात जायचं.

एप्रिलमधलं सोलापूर. अडीच वाजता वॉर्डातले पंखे गरम हवा इकडची तिकडं करत होते. स्टेशनच्या स्क्रीनवर सात नंबर हिरवा, श्वास सोळा. मी सात नंबरपाशी गेले. खाटेवर एका कुशीवर, पदर तोंडावर ओढून, तात्यांची बायको गाढ झोपली होती.

तात्या खाटेखाली होते. फरशीवर चादर अंथरून पडले होते आणि महादेवी त्यांच्या पाठीशी दुसरी चादर घडी करून लावत होती. मी खाली बसले. तात्यांचं मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत छातीवर डोळा ठेवला. एक मिनिट पूर्ण. एकोणतीस.

"तात्या, खाली का झोपलाय?"

"वर ते रेक्झीन हाय की बाई. पाठ भाजती. हितं गार लागतंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् हिची कंबर दुकती. म्हटलं, तू पड वर. खाट रिकामी ठिवून काय करायचं?"

वाचणाऱ्यांपैकी जे कुणी आमच्याकडच्या वॉर्डात नातेवाइकाबरोबर राहिले असतील, त्यांना यात नवल वाटणार नाही. पेशंट खाली, बायको वर, राउंडच्या आधी वॉर्डातली मावशी "डॉक्टर आले" म्हणून ओरडली की पटापट अदलाबदल. सव्वीस वर्षं मी स्वतः "पेशंट वर, नातेवाईक बाहेर" असं खेकसत आलेय. डॉक्टरांना तेवढं हे कधी दिसत नाही, कारण ते येतात तेव्हा सगळे जागच्या जागी असतात. आठ दिवस रोज दहाला तात्या खाटेवर चढायचे, मशिनला त्यांचा खरा श्वास मिळायचा, आणि मशिन म्हणायचं, घाबरला बिचारा.

"महादेवी, तू मला सांगितलं का नाहीस?"

"आजींचा पास काढून घेतला असता मॅडम. खाटंवर नातेवाईक सापडला की पास रद्द, असा नियम हाय. मग तात्यांना जेवायला कोण घालणार?"

"अगं, पण मशिनची पट्टी गादीखाली आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग गादीकडं. "गादीखाली? मला वाटलं, ते वर क्यामेऱ्यातनं मोजतंय."

"ट्रेनिंगला काय सांगितलं होतं?"

"ट्रेनिंगच्या दिवशी तुमी मला चादरी मोजायला पाठवलं होतं की."

खरं होतं. पाठवलं होतं. मी खाली फरशीवर बसूनच तिला म्हणाले, "माझं चुकलं." सव्वीस वर्षांत विद्यार्थिनीला हे पहिल्यांदा म्हणाले असेन. तात्यांनी खालून विचारलं, "काय हरवलं का बाई?"

मी निरोप पाठवल्यावर डॉक्टर आले. चौकड्याच्या शर्टात गुडघे टेकून खाटेखाली शिरले आणि तिथंच तात्यांची छाती तपासली. बराच वेळ तपासली. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. लगेच एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसातला डाग आठ दिवसांपूर्वीपेक्षा मोठा झाला होता. डिस्चार्ज रद्द, अँटिबायोटिक बदललं, ऑक्सिजन लावला. उद्या एसटीनं वैरागला गेले असते तर परत येण्याजोगे राहिले असते की नाही, हे डॉक्टर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी कंपनीची रेवती आली. सॉफ्टवेअर तीच सांभाळते. चिडेल असं वाटलं होतं, पण ती स्टेशनवर डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची ओढून कामाला लागली.

"तात्यांच्या नावावरचे हे आकडे काढून टाकावे लागतील," ती म्हणाली. "राउंडची वेळ सोडली तर हे आठ दिवस कुणाचे मग?"

"आजींचे."

रेवती स्क्रीनवरच्या यादीत खाली खाली जात राहिली आणि एका जागी थांबली. "मॅडम, या आकड्यांत नाडी अनियमित आहे. मशिननं तीनदा तसा शेरा दिलाय."

"तो मी बघितला होता," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर ईसीजी काढला. अगदी नॉर्मल आला."

"कधी काढला?"

"राउंडला. दहा वाजता."

आम्ही तिघंही सात नंबरकडं बघायला लागलो. तात्या आता खाटेवर होते, आजी स्टुलावर बसून त्यांच्यासाठी मोसंबी सोलत होत्या.

मी जाऊन आजींचं मनगट धरलं. दोन ठोके, मग थांबून एक, मग तीन घाईघाईनं. मोजायला घड्याळाचीही गरज नव्हती.

"आजी, तुमचा ईसीजी काढायचाय."

"माजा? मला काय झालंय?" त्यांनी हात सोडवून घेतला. "मी पेशंट न्हाय बाई. मी पेशंटसंगं आलेय."

तात्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. "जा गं. मी कवाधरनं म्हनतोय, जिना चढली की तुला दम लागतो. माजं कोन ऐकतंय?"

ईसीजीत निघालं ते सोप्या भाषेत असं: हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून थरथरतात, आत रक्त साचून गाठ होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं. गोळ्या वेळेवर सुरू केल्या तर माणूस वर्षानुवर्षं चांगला राहतो. आजींच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. सोलापूर जिल्ह्यात सलग आठ दिवस इतकी बारीक देखरेख झालेली आणि हॉस्पिटलात दाखलच नसलेली दुसरी बाई सापडायची नाही.

त्यानंतर दहाव्या दिवशी तात्या चालत घरी गेले. महादेवीच्या वॉर्ड कम्प्लिशनवर मी सही केली. "पण सिस्टीममध्ये तिचे एकतीसच दिसतात," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. मी म्हणाले, "दिसू देत. बाकीच्यांचे अठ्ठ्याण्णव कशाचे आहेत ते आधी विचारा." त्यांनी विचारलं. त्या पंधरवड्यात वॉर्डात अकरा पोरींची पोस्टिंग पुन्हा लागली. महादेवी परीक्षेला बसली, पास झाली आणि आता अक्कलकोटच्या एका दवाखान्यात नोकरीला आहे.

कंपनीनं सॉफ्टवेअर सुधारलं. आता प्रत्येक आकड्याआधी टॅब विचारतो, खाटेवर पेशंट आहे का? हो किंवा नाही दाबायचं. पोरी न बघता हो दाबतात.

ईसीजी काढला त्या दिवशी आजींचा केसपेपर मीच भरला होता. याआधी हॉस्पिटलात कधी, असा एक रकाना असतो.

"लईंदा," आजी म्हणाल्या. सासूच्या मोडलेल्या खुब्याला बावीस दिवस. थोरल्या सुनेच्या दोन बाळंतपणांना, धाकटीच्या एका. तात्यांच्या हर्नियाला. दिराच्या मुलाला साप चावला तेव्हा.

"आणि तुमच्या स्वतःसाठी?"

त्यांनी थोडा विचार केला. "न्हाय. मला कोन बगनार?"

मशिननं आठ दिवसांत एकही आकडा चुकीचा मोजला नव्हता. नाव आम्ही चुकीचं लिहिलं होतं. आता नव्या बॅचला मी मनगट धरायला शिकवण्याआधी खाटेच्या वर, खाली आणि स्टुलावर कोण आहे ते बघून यायला सांगते. पेशंट कोण ते आधी नीट बघा, मोजायचं मग.