दोन खिशांचा शर्ट

आमच्या डहाणूच्या बर्फाच्या फॅक्टरीचे शेठ शर्टाला मुद्दाम दोन खिसे शिवून घेतात. डावा फॅक्टरीचा, उजवा घरचा. मी त्यांचा अकाउंटंट. हिशोबाचं बोलताना चहा डाव्या खिशातला, गप्पा माझ्या मुलीच्या लग्नाकडे वळल्या की म्हणतात, "आता पुढचा चहा उजव्यातला." मी मनात हसायचो. मग ऐन सीझनला कॉम्प्रेसर बंद पडला आणि कर्ज न काढता, डाव्या खिशातूनच नवा आला.

परवा जवळच्या चिखले गावचा एक म्हातारा वारला. मुलगा मासेमारीच्या बोटीवर. तो किनाऱ्याला लागेपर्यंत प्रेत ठेवायला बर्फ हवा होता. म्हाताऱ्याचा भाऊ मागायला आला.

"पैसे नाय घ्यायचे," शेठ म्हणाले.

भाऊ लाद्या घेऊन गेल्यावर त्यांनी उजव्या खिशातल्या नोटा डाव्यात ठेवल्या.

"पावती माझ्या नावाने फाडा."