शेऱ्याचा रकाना

पौषात ऊन थोडं वर आलं की जमिनीकडचा मतलई वारा पडतो आणि समुद्राकडचा वारा अजून उठलेला नसतो. त्या मधल्या स्तब्ध वेळात आमच्या वाफ्यांतून पांढऱ्या कांद्याच्या पातीचा ओला, किंचित गोडसर, नाकाच्या शेंड्याला हलकेच झोंबणारा वास उठतो, आणि अलिबागेच्या या पट्ट्यात जन्मलेल्या कुणालाही तो वास म्हणजे वर्ष ठीक चालल्याची पावती वाटतो. यंदा त्याच वेळी मी वाफ्याच्या कडेला उभा होतो आणि वास येत नव्हता. पात उभी होती, पण प्रत्येक पातीचा शेंडा बोटभर जळून जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचा झाला होता. त्या रविवारी विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांचा आकडा एक हजार चारशे साठ होता.

मी दर रविवारी विहीर मोजतो. कारखान्यात पाणी तपासणीच्या विभागात माझी सगळी नोकरी झाली, आणि मोजल्याशिवाय पाणी पिणं मला अंघोळीशिवाय जेवायला बसल्यासारखं वाटतं. दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी मारून खाली शिशाचं वजन बांधलं आहे, तिनं पाण्याची पातळी कळते. बादलीत पेनासारखं छोटं मीटर बुडवलं की क्षार कळतात. अकरा वर्षांत पाचशे बहात्तर रविवार झाले, त्यांपैकी अकरा माझ्या हातून चुकले, आणि ते का चुकले हे मी आजही सांगू शकतो. उरलेल्या पाचशे एकसष्ट नोंदी घरच्या संगणकावर होत्या. मुलीच्या शिक्षणासाठी तो घेतला होता. ती नांदायला गेल्यावर तो माझा झाला. त्यात मराठी टाइप करायचा एक जुना प्रोग्रॅम होता. त्यात मी महिन्याला एक पान करी. पानावर चार-पाच ओळी, तारीख, पातळी, क्षार, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. पान भरलं की बंद केलं. मागची पानं उलटून पाहायची वेळ कधी आली नाही. नोंद केली की कर्तव्य संपलं, असा माझा समज होता.

या आकड्यांचा मी शस्त्रासारखा विचार करू लागलो तो दिनेशमुळे. दिनेश माझा सख्खा चुलतभाऊ, आणि आमच्या दोन वाड्यांमध्ये दगडाचा कमरेएवढा गडगा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यानं नारळी तोडून चार कॉटेज बांधली, पोहण्याचा तलाव खणला आणि तो भरण्यासाठी गडग्यापासून बावीस पावलांवर बोअर मारली. समुद्र आमच्यापासून सहाशे पावलांवर. जमिनीतलं गोडं पाणी जितकं उपसाल तितकं खारं आत सरकतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. गेल्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उठून एवढंच सांगितलं आणि तीन-चार आकडे वाचून दाखवले. तेव्हा दिनेश खुर्चीवर रेलून म्हणाला, "दादाला घरात कुनाचा ताप मोजायला मिलत न्हाय, म्हनून इहिरीचा मोजतो." सभा हसली. नुसती हसली नाही, लोकांनी ते जपून ठेवलं. पुढे वर्षभर मासळीच्या पाटीसमोर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला कुणी ना कुणी विचारी, "काय दादा, उतरला काय ताप?"

 मी वाट पाहिली. माणसं म्हणतात की राग मनात ठेवला की माणूस आतून जळतो. मला तसा अनुभव नाही. माझा राग थंड, कोरडा आणि नीट झाकलेला होता, बियाण्याच्या डब्यासारखा, आणि रविवारी मीटर वर गेलेलं दिसलं की मला दुःखाबरोबर एक बारीकसा आनंद होई, जो मी घरात कुणाला दाखवत नसे. पिकाचं नुकसान होत होतं ते माझंच; तरी प्रत्येक चढलेला आकडा मला दिनेशच्या विरुद्धचा साक्षीदार वाटे.

यंदाच्या ग्रामसभेत बोअर बंद करण्याची शिफारस तहसीलला करायची की नाही, हा विषय ठेवायला सरपंचबाई तयार झाल्या. म्हणाल्या, "तोंडी नको, दादा. अकरा वर्षांचा तक्ता द्या, एका नजरेत कळेल असा, आणि पंचायतीला ईमेल करा. पडद्यावर लावू." पडदा हा शब्द ऐकून मला जे सुख झालं ते लिहायलाही संकोच वाटतो. ज्या सभेत तो रेलून हसला, त्याच सभेत भिंतभर माझे आकडे.

पण माझा संगणक इंटरनेटला म्हातारा झाला होता. ईमेलचं पान अर्धं उघडून थांबे आणि हा ब्राउझर चालणार नाही असं सांगे. तेव्हा अलिबागला म्हात्रेबाईंच्या संगणकाच्या दुकानात गेलो. बाई चष्मा कपाळावर सरकवून बोलतात आणि गिऱ्हाईकाची कीव करत नाहीत. "भाऊ, तुमच्याकडं विंडोज सेव्हन हाय. त्याला आता कोनी वाली न्हाय. टेन टाकून देते, बसंल या मशीनवर, पन त्याची पन मुदत सपली. इलेव्हन पाहिजे तर मशीनच नवं घ्या, ह्याच्यावर ते चढायचं न्हाय."

मी घरी येऊन कागदावर तीन उभे रकाने आखले. जुनी विंडोज ठेवली तर नोंदी वाचता येतात, पण बाहेर पाठवता येत नाहीत. मधली टाकली तर आज पाठवता येतील, उद्याची खात्री नाही. नवी घेतली तर पुढची आठ-दहा वर्षं निश्चिंत, पण मराठीचा तो जुना प्रोग्रॅम तिच्यावर उघडणारच नाही. तो तयार करणारेही आता कुठे राहिलेले नव्हते. अशा प्रसंगी मी सहसा महिनाभर घेतो. पण ग्रामसभेला नऊ दिवस होते आणि दिनेशला पडद्यावर पाहायची मला घाई होती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी मशीनसकट नवी सिस्टिम तासाभरात घेतली. जुना संगणक बदल्यात द्या असं बाई म्हणाल्या, तेव्हा मात्र सवयीनं तोंडून गेलं, "आठ दिवस राहू दे माझ्याकडं."

बाईंनी माझी सगळी पानं एका लांबलचक तक्त्यात ओतून दिली. घरी नवा पडदा उजळला आणि मी पाहिलं तर आकडे सगळे जसेच्या तसे उतरले होते, फक्त अक्षरांचं जे व्हायला नको तेच झालं होतं. शेऱ्याच्या रकान्यात माझ्या मराठीच्या जागी कंस, टिंबं, उलटी चिन्हं, मधेच एखादं परदेशी अक्षर, जणू पाचशे रविवारांवरून कोंबड्या चालून गेल्या होत्या. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. दिनेशला टांगायला आकडे पुरेसे होते. बाईंनी दाखवल्याप्रमाणे मी क्षारांचा रकाना निवडला, एक बटण दाबलं आणि अकरा वर्षं एका रेषेत पडद्यावर उभी राहिली.

ही रेषा मी कधी पाहिलीच नव्हती. मी पानं पाहिली होती, चार-चार ओळींची. दर पावसाळ्यात खाली येणारी, दर उन्हाळ्यात वर जाणारी, शांत श्वासासारखी ती रेषा सहा वर्षं एकाच उंचीत चालत होती. मग ती वाकत होती. बोअरनंतर तर ती उभीच चढली होती. तिथं मी बोट ठेवलं आणि वर्षभर साठवलेलं ते थंड सुख पोटात उतरलं. पण पहिला वाकडेपणा तिथला नव्हता. तो बोअरच्या एक वर्ष चार महिने आधीचा होता. चारशेच्या आत राहणारं पाणी त्या उन्हाळ्यात सहाशेवर गेलं होतं आणि पुढच्या पावसातही पूर्वीइतकं खाली आलं नव्हतं. मी तारखा तीनदा ताडून पाहिल्या. त्या वळणापाशी शेरा होता, पण त्याच्यावरूनही कोंबडी गेली होती.

जुना संगणक पडवीत गोणपाटावर ठेवला होता. त्याला मी तिथंच पुन्हा वीज जोडली. तो नेहमीसारखा धूळ तापल्याचा वास सोडत, कुरकुरत, पाच मिनिटांनी जागा झाला. मी ते पान उघडलं. माझ्याच हातचं, स्वच्छ मराठीत लिहिलं होतं: जुनी मोटर जळाली. आज पाच एचपीची बसवली. टाकी पाऊण तासात भरते. समाधान.

मला आठवलं. त्या वर्षी कांद्याला मागणी होती आणि मी वाफे दुप्पट केले होते. बायको मागे येऊन उभी राहिली होती, तिनं वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे कुनी पाह्यलंय? पयली वर्षं गालून टाका आनि बोअरपास्नं पुढचं द्या. कोन इचारतंय?" तिचं बरोबर होतं. नवी सिस्टिम माझ्या बाजूनं होती. तिनं तर तो शेरा वाचता येणार नाही असा आधीच करून ठेवला होता. जुना संगणक नेऊन दुकानात दिला असता तर ते 'समाधान' जगातून गेलं असतं, आणि माझ्या हाती फक्त दिनेशचं पाप उरलं असतं.

मी एक वही घेतली. मग पडवीतून आत वीस फेऱ्या मारून, जुन्या पडद्यावरची पानं वहीत उतरवून नेत, शेऱ्याचा रकाना नव्या तक्त्यात पुन्हा टाइप केला. मोटरचा शेरा मी लाल रंगात केला, बोअरचाही. इथं प्रामाणिकपणाचं श्रेय मी घेणार नाही, कारण टाइप करताना माझ्या मनात जे होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. अर्धा तक्ता दिला असता तर दिनेश 'मग आधीचं कुठाय?' म्हणून सुटला असता. पूर्ण दिला तर त्याची बोअर सुटणं शक्य नव्हतं. माझी मोटर जाईल, जाऊ दे. माझा एक डोळा देऊन त्याचे दोन्ही घेण्याइतका तो सौदा मला स्वस्त वाटला. मी तक्ता पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिनेश गडग्यापाशी आला. पंचायतीत काहीही गुप्त राहत नाही. त्याच्या मागं तलावाच्या पाण्याला औषधाचा तो इस्पितळी वास येत होता.

"दादा, माजी बोअर दाखवलीस?"

"दाखवली."

"आनि तुजी मोटर?"

म्हणजे त्याला माहीत होतं. गेल्या वर्षी रेलून हसला तेव्हाही माहीत असणार. "तीपण," मी म्हणालो. "लाल रंगात."

त्याचा चेहरा उतरला. इतके दिवस मी याच क्षणासाठी जगलो होतो, आणि तो खरोखर गोड होता. त्यात खंत मिसळेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मी तो पूर्ण उपभोगला. दिनेश गडग्यावरचा एक सुटा दगड नीट बसवत राहिला, उगीचच, आणि वर न बघता, न हसता म्हणाला, "तुज्या आकड्यांत बघून सांग, दादा. दोनी बंद केल्या तर कवा गोडं व्हंल?"

वर्षभर मला हेच हवं होतं, की त्यानं माझ्याकडे आकडा मागावा. पाचशे एकसष्ट रविवार मी मनातल्या मनात उलटले. पाणी कसं चढलं, किती चढलं, कोणत्या आठवड्यात चढलं, हे सगळं त्यांत होतं. दर पावसाळ्यात ते उतरलंही होतं, पण मोटर बसवल्यापासून दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी. एकदा गेलेलं पुरतं परत आल्याची नोंद त्यांत एकही नव्हती. दिनेश थांबला होता. उन्हानं तापलेल्या गडग्यावर हात ठेवून मी उभा राहिलो, आणि त्याला सांगायला माझ्याजवळ आकडा नव्हता.