उमेकिचीचं उघडं तोंड

इसोझाकीचा राग त्याच्या कॅमेऱ्यापेक्षा जड होता, आणि कॅमेरा काही हलका नव्हता. कोबासेच्या खाडीचे फोटो काढण्यात त्याची जवानी गेली: कारखान्याच्या नळातून येणारं तांबडं पाणी, पोट वर करून तरंगणारे मासे, खोकणारे कोळी. तोक्योची मासिकं ते फोटो परत पाठवत, वर 'मनाला भिडले' अशी चिठ्ठी जोडून. मनाला भिडून पोट भरत नाही. पोट भरायचं मेलेल्यांवर. कुणी गेलं, की घरचे जुनापाना फोटो घेऊन त्याच्या दुकानात येत. इसोझाकी त्यातलं डोकं कापून काळ्या किमोनोच्या चित्रावर चिकटवी, सुरकुत्या ब्रशने पुसी, आणि जन्मभर चिखलात राबलेला माणूस भिंतीवर जमीनदारासारखा बसे.

त्या हिवाळ्यात उमेकिची कोळी खोकून खोकून गेला. त्याचा एकच फोटो होता, तोही इसोझाकीनेच काढलेला: कारखान्याच्या फाटकापुढे, रबरी बुटांत, तांबड्या पाण्यावरून मॅनेजरच्या नावाने आ वासून ओरडणारा.

आळीचा प्रमुख मुरानो सकाळीच दुकानात हजर. "उमेकिचीला किमोनो चढव आणि त्याचं तोंड मिट. अंत्यविधीला कारखान्याचे मॅनेजरसाहेब येणारेत."

"तो जिवंत होता तेव्हा फाटकाबाहेर नाही आले ते?"

"तेव्हाचं तेव्हा. धूप वाहायला येतायत, हा त्यांचा मोठेपणा."

"मग त्यांचंच तोंड मिटतो की. फुकटात."

"ब्रश चालव रे, जीभ नको!"

आणि इसोझाकीने चालवला ब्रश. हाताला सवय होती. ओठ जुळले, कपाळावरच्या आठ्या गेल्या, उमेकिची अगदी देवमाणूस दिसू लागला. ते बघून इसोझाकीला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याने मूळ फोटोही तेवढाच मोठा छापला आणि दोन्ही घेऊन उमेकिचीच्या बायकोचं, ओरिएचं दार ठोठावलं.

"वहिनी, तुम्हीच सांगा. कुठला ठेवायचा?"

ओरिएने मिटल्या तोंडाचा फोटो निरखला. "हे कोण पाहुणे?"

"आपले उमेकिची."

"काहीतरीच! आमचा माणूस झोपेतसुद्धा इतका गप्प नसायचा." तिने तो फोटो पालथा घातला. "यांना घेऊन जा भाऊजी. ओळख ना पाळख, यांच्यासाठी मी कशाला रडू?"

अंत्यविधीला फुलांच्या मधोमध उमेकिची आ वासून उभा. मुरानो पांढराफटक. मॅनेजर धूप वाहायला पुढे आला, वर बघितलं आणि थबकला. फोटोपुढे वाकल्याशिवाय धूप वाहता येत नाही, आणि न वाहता मागे फिरावं, तर मागे अख्खं गाव उभं. वाकला शेवटी. उमेकिची त्याच्या टकलावर ओरडत राहिला.

इसोझाकीचा कॅमेरा कोटाखाली होता. मयताच्या घरी कोण फोटो काढतं? पण ओरिए जपमाळेवरून नजर न काढता पुटपुटली, "काढा की भाऊजी. साहेब पुन्हा नाही वाकायचे."

त्या शांततेत कॅमेऱ्याचा खटका साऱ्यांनी ऐकला. मॅनेजरनेही. पण वाकल्यावर निम्म्यातून उठायची रीत नव्हती.