भुताचं ताट

नाना गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी कॉलेजच्या कँटीनमध्ये डबा खात होते. “बेटा, नाना गेले ग. तू ये, घाबरू नकोस.” मी डब्याचं झाकण लावलं आणि माधवगंजला त्यांच्या घरी निघाले. वाटेत रडू आलं नाही. तेराव्यापर्यंत रोज यायचं. आता महिना उलटून गेलाय आणि येतं ते रडूच आहे की दुसरं काही, हे मला नीट सांगता येत नाही... म्हणून लिहायला बसले आहे.

नाना शाळेत चित्रकला शिकवायचे. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते निवृत्त झाले होते, एकटे होते, मुलगा भोपाळला. आई त्यांच्याकडे झाडू-पोछा आणि भांडी करायची आणि शाळा सुटली की मी आमच्या दौलतगंजहून तिच्यामागे तिथे जायची. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते असं बाबा सांगतात. तेवढ्यावरून नाना मला सरदारीणबाई म्हणत. “या सरदारीणबाई, आज गड घेतला की नाही?” खिडकीतून दिसणाऱ्या किल्ल्याकडे बोट दाखवून मी सांगायची, “घेतला ना, पर भूक लागली.” मग ते हसत आणि आईला म्हणत, “आधी हिला वाढ.”

जेवायला बसले की नाना ताटाभोवती पाणी फिरवत आणि भाताची चार-पाच शितं ताटाच्या बाहेर ठेवत. आमच्या घरी ही पद्धत नव्हती. मी विचारलं, “हे कोणासाठी?”

“ज्यांना कोणी ताट वाढत नाही, त्यांच्यासाठी.”

“म्हणजे भुतांसाठी?”

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याच दुपारी त्यांनी ते पहिलं भूत काढलं. मांजराच्या पिलाएवढं, पांढुरकं, किल्ल्यावर एकटं कंटाळून खाली उतरलेलं. मग किती तरी दुपारी आम्ही त्याची गोष्ट रचत राहिलो. भूत शितं खायला येतं, घरातल्या मुलीशी त्याची दोस्ती होते, ती त्याला गोट्या शिकवते, ते तिला अंधारात बघायला शिकवतं. शेवट मात्र मला पटत नव्हता. “रोज भुईवरून वेचून खाणार का ते? दोस्त आहे ना, मग त्याला ताट द्या.” नानांनी नवा कागद पुढे ओढला. मग त्यांनी एक पंगत काढली. घरातली सगळी माणसं ओळीनं बसलेली, मध्ये भूत, त्याच्यासमोर भरलेलं ताट. त्याच्या वाटीतल्या वरणाला पिवळा रंग मी दिला. “झाली आपली गोष्ट पूर्ण,” नाना म्हणाले.

मला वाचायची गोडी त्यांनी लावली. बारावीनंतर कॉलेजात प्रवेश घ्यायला माझ्यासोबत तेच आले, कारण आमच्या घरातलं कोणी तिथल्या पायऱ्या कधी चढलं नव्हतं. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, “ये आपकी कौन लगती हैं?” नाना म्हणाले, “हमारी बच्ची है.” ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवत होते!

ते जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना शेवटचं भेटले, तेव्हा ते अंथरुणावर होते. आमच्या गोष्टीचं पुस्तक हिंदीत छापून घेतायत एवढं मला माहीत होतं. विचारलं, तर “होईल, होईल” म्हणाले आणि भिंतीकडे वळले. दमले असतील असं मला वाटलं.

तेराव्याच्या दिवशी त्यांची नात इरा पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली. छपाई होऊन चांगले दोन महिने झाले होते. “ताई, देखो ना, ही मी आहे!” गोष्टीतल्या मुलीचा चेहरा इराचा होता. त्याचं मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही. घरातली मुलगी तीच होती. मग मी भुताकडे पाहिलं. कपाळावर उभी राहणारी बट, एक पाय दुमडून बसायची रीत, मुठीत धरलेला फ्रॉक... ती मी होते. मी घाईनं शेवटचं पान उघडलं. पंगत होती. सगळी माणसं होती. भूत उंबऱ्याबाहेर बसलं होतं, पुढ्यात शितं, आणि हसत होतं. खाली लिहिलं होतं, ‘भूत अपनी जगह पर खुश था।’

“ताई, हे आत का नाही येत?” इरानं विचारलं. मी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.

निघताना नानांच्या सूनबाईंनी मागच्या दारातल्या खिळ्यावरून एक ताटली काढून माझ्या हातात दिली. “ही तुझीच ना? घेऊन जा. आमच्यात कोण वापरणार?” अगदी प्रेमानं म्हणाल्या त्या. कड दबलेली, माझी ताटली. इतकी वर्षं मी तिच्यातच जेवले होते, मागच्या उंबऱ्याच्या बाहेर बसून, आणि ताटली माझी आहे याचा मला अभिमान होता. ती बाकीच्या भांड्यांत का नसते, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन आईला विचारलं, “माझी ताटली वेगळी का होती, तुला माहीत होतं?”

“त्यात माहीत काय असायचंय? त्यांनी कधी तुला भुकी पाठवलं का?”

“नाही.”

“मग?”

नानांनी ती पंगत का बदलली? छापणाऱ्यांनी सांगितलं असेल का? की आमचं चित्र फक्त माझी समजूत काढायला होतं, आणि छापताना त्यांनी जे खरं होतं तेच ठेवलं? विचारायला ते नाहीत. ते भिंतीकडे का वळले, तेवढं मात्र आता कळतं.

ताटली आमच्याकडे मांडणीवर असते, बाबांच्या आणि आईच्या ताटल्यांमध्ये. परवा रविवारी मी तिच्यात वरणभात वाढला आणि आमच्या ओळीत ठेवला. बाबांनी विचारलं, “ही कोणाची?”

“नानांची.”

“अग, मग बाहेर ठेव ना. कौए खातील.”

“नको,” मी म्हटलं. “आतच असू दे.”

माझा राग गेलेला नाही. पण जेवायला बोलावलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर कसं बसवायचं?