हाच कशावरून?

परीक्षणासाठी आलेलं एक पुस्तक गेला आठवडाभर टेबलावर पडून आहे. रहस्यकथा आहे, चांगली जाडजूड. नव्या कागदाचा आणि डिंकाचा वास पुस्तकाला अजून येतो आहे. एरवी असं पुस्तक हाती आलं की माझी भाजी करपलीच म्हणून समजा. पण याच्या पहिल्याच ओळीत उसाच्या फडात काहीतरी सळसळतं. लेखक शहरातला असावा. त्याने ते मोठ्या मजेत लिहिलं आहे. मी तेवढं वाचून पुस्तक मिटलं, उठले आणि दौंडसारख्या गजबजलेल्या गावात, भर दुपारी, दाराला आतून कडी घातली.

भीती हे माझं जुनं व्यसन. एका मासिकात मी रहस्यकथांवर लिहिते आणि शेवटी काटे देते. इतरांचे तारे असतात, माझे काटे. अंगावर येतो ना, तो काटा. एक काटा म्हणजे पुस्तक प्रवासात वाचावं, तीन म्हणजे घरात कुणी असताना वाचावं. पाच काटे मी सहसा कुणाला देत नाही. त्यावरून काही लेखक रुसतात, एकदोघांनी तर काटे वाढवून मागितले. ही सगळी चैन मी आजवर हसतखेळत केली.

तिची चटक मला लागली ती काकीमुळे. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या बाजूला आमची फुलशेती. काकीचं वाचणं अक्षर लावत चालायचं, म्हणून ती झेंडू तोडायची आणि मी बांधावर बसून मोठ्याने वाचायची. काकीचा संशय कायम गोष्टीतल्या घरच्या जावयावर. प्रेत सापडलं की ती हात थांबवून म्हणायची, जरा दम धर, पाणी पिऊ दे. पाणी प्यायल्यावर मात्र पुढचं ऐकल्याशिवाय तिला राहवत नसे. हिरवट, उग्र वासाच्या त्या फुलांत आम्ही दोघींनी किती खून पचवले असतील, देव जाणे. तेव्हा भीती चिंचेसारखी होती; तोंड वाकडं करायचं आणि पुन्हा मागायची.

मग शिवारात कालव्याचं पाणी फिरलं, ऊस वाढत वाढत आमच्या झेंडूच्या कडेला येऊन ठेपला आणि उसाबरोबर बिबट्या आला. आला तरी कसं म्हणावं? तो उसातच जन्मतो, तिथेच वाढतो. आमच्याकडे त्याला सरसकट वाघच म्हणतात. आधी कुत्री गेली, मग शेळ्या. आणि मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या वस्तीवरची एक बाई गवत कापताना गेली. वाकलेलं माणूस त्याला जनावरच वाटतं म्हणे, आणि तो धरतो ती मान.

त्यानंतर मी माहेरी गेले तेव्हा काकी फुलांची पाटी घेऊन समोरून आली आणि मी जागीच थबकले. तिच्या गळ्यात चामड्याचा रुंद पट्टा होता, त्यातून लोखंडी खिळे बाहेर आलेले. शेजारच्या आप्पांकडे पूर्वी मेंढरं असायची. लांडग्याने नरडं धरू नये म्हणून त्यांच्या कुत्र्यांना असे पट्टे असत. आता आप्पांनी तेच पट्टे वस्तीवरच्या बायांसाठी करून दिले होते. वस्तीवर त्याला नुसतं ‘काटे’ म्हणत. ‘काटे घातल्याबिगर रानात जाऊ नगं,’ असं एक सासू सुनेला सांगत होती, डोक्यावर पदर घे म्हणावं इतक्या सहज. माझा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला. मी घाबरले होते, आणि त्यात चवीपुरतीही मजा नव्हती.

मी तिथे असतानाच वनखात्याच्या पिंजऱ्यात वाघ सापडला. सगळी वस्ती लोटली, पोरं मोबाइल उंच धरून उभी राहिली. गजांवर डोकं आपटून त्याचं कपाळ सोललं होतं. तो आमच्याकडे बघतही नव्हता. गावला, गावला, असं जो तो म्हणत होता. काकी घरी आली, गळ्यातला पट्टा काढून तिने खुंटीला अडकवला आणि वळ उठलेल्या मानेवरून हात फिरवत बसली.

रहस्यकथेत पहिला पकडलेला कधीच खरा गुन्हेगार नसतो. हे आमच्यासारख्या वाचकांचं बाळबोध ज्ञान. तोंड आवरायला हवं होतं की बोलायलाच हवं होतं, मला आजही ठरवता येत नाही. मी बोलले.

“काकी, हाच कशावरून?”

तिचा मानेवरचा हात थांबला.

“मलाबी त्येच वाटतंय,” ती म्हणाली. “पुस्तकं काय तू एकलीनंच वाचली व्हय? पर त्ये काटे घालून वाकता येत न्हाई गं, खालचं फूल हाताला लागत न्हाई. एक दिस तरी मोकळ्या मानेनं तोडू दे.”

मार्गशीर्षातला गुरुवार तोंडावर होता, आणि बाजार कुणाच्या भीतीसाठी थांबत नाही. सकाळी चांगलं उजाडल्यावर आम्ही रानात गेलो. काकी सरीत वाकली. मी तिच्या आणि उसाच्या मध्ये, उसाकडे तोंड करून उभी राहिले, हातात नुसती एक काठी. इतकी वर्षं मी भीतीचं माप काढत आले ते शेवट कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो या भरवशावर; फार असह्य झालं तर मागची पानं उलटून बघता येत होती. इथे पुढ्यात ऊस होता आणि त्याच्या आत काय आहे हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. मागून देठ तुटल्याचा बारीक टच टच आवाज येत होता. तो थांबला की माझा जीव थांबायचा. मी वळून बघायची. काकी कंबर सरळ करत उभी असायची, मग पुन्हा वाकायची.

त्या दिवशी काही झालं नाही. पट्टा अजून खुंटीलाच आहे, असं ती फोनवर सांगते. इथे दौंडमध्ये सकाळी चहा ठेवताना मी मधेच हात थांबवते आणि कान देऊन उभी राहते. देठ तुटल्याचा तो आवाज इथवर येत नाही, मला ठाऊक आहे.